न विचारता घेतलेले

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले. हल्लीच्या भाषेत दहावी. पुढचे राहून गेले ते राहूनच गेले. कऱ्हाडला एका विनाअनुदानित रात्रशाळेत मराठी शिकवता शिकवता वीस वर्षे झाली. तेथे शिक्षकाला पदवी कुणी विचारीत नाही आणि शिक्षकाने पगाराचे विचारू नये, असा उभयपक्षी समजूतदारपणा आहे. उरलेल्या वेळात चार कादंबऱ्या लिहून झाल्या. अशा बाईकडे पीएच.डी. करणाऱ्या मुलीचे काय काम असणार? पण गेल्या वर्षी श्रावणात एक आली.

ती माझीच जुनी विद्यार्थिनी. दिवसा एका शिंप्याच्या दुकानात काजी-बटणे करायची आणि रात्री शाळेत यायची. पहिल्या तासाला हमखास पेंगायची. दहावी झाली, मग नर्सिंग केले, मग सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि आता त्याच विषयात डॉक्टरेटसाठी काम करते आहे. घरात आली, वाकून नमस्कार केला आणि पिशवीतून एक कागद काढून म्हणाली, "बाई, एवढं मराठीत करून द्या."

कागद पाहिला तर तो मराठीतच होता.

"हो, आहे मराठीतच," ती ओशाळून म्हणाली. "पण ज्यांना वाचून दाखवायचा त्यांना कळत नाही. आणि खरं सांगू का, मलाही पुरता कळत नाही."

तो संमतीचा कागद होता. 'सदर संशोधन प्रकल्पातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक स्वरूपाचा असून आपण कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता तो संपुष्टात आणू शकता' अशी त्याची सुरुवात होती. खाली सहीची जागा, तिच्याशेजारी अंगठ्यासाठी चौकोन आणि त्याखाली साक्षीदाराची ओळ. ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा, असा नियम आहे म्हणे. मी वाचीत गेले आणि मध्येच 'शाब्दिक शवविच्छेदन' या शब्दापाशी थबकले.

"हे कुणाला वाचून दाखवायचं?"

"ज्यांचं बाळ महिन्याच्या आत गेलं, त्या आयांना."

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. फराळाची ताटली शेजारी ठेवून वाचण्यासारखा तो नाही, हे मलाही कळते. पण सणाला माहेरी आलेल्या लेकींच्या घोळक्यात अशी एखादी असतेच, की जिच्याशी त्या एका गोष्टीविषयी कुणी बोलत नाही. तिला लाडू आग्रहाने वाढतात, तिची साडी पाहतात, आणि बाकीच्यांच्या मुलांची गडबड तिच्या अंगावर जरा कमी जाईल असे बघतात. तेव्हा विषय घरातलाच आहे. फक्त तो बोलला जात नाही.

त्या भयंकर शब्दाचा अर्थ तिने मला समजावून सांगितला. आपल्याकडे पुष्कळ माणसे अजून घरीच मरतात. कशाने मेले ते लिहून द्यायला डॉक्टर जवळ नसतो. मग कारण कळायचे कसे? तर घरच्यांना विचारून. ताप होता का, किती दिवस होता, श्वास कसा चालला होता, अंगाचा रंग बदलला का. घरच्यांच्या तोंडची हकीगत त्यांच्याच भाषेत उतरवून घ्यायची आणि दोन डॉक्टरांनी, एकमेकांशी न बोलता, ती वाचून कारण ठरवायचे. आपल्या देशात २००१ नंतर लाखो घरांत या रीतीने विचारणा झाली. त्यातून कळलेली एक गोष्ट तिने सांगितली ती माझ्या चांगली लक्षात राहिली. २००५ या एका वर्षात साप चावून मेलेल्यांची संख्या सुमारे ४६,००० निघाली. इस्पितळांच्या दप्तरांत लागलेल्या आकड्याच्या तीसपटीहून अधिक. ही माणसे इस्पितळाच्या पायरीपर्यंत पोचलीच नव्हती, म्हणून ती मेली याचीही कुठे नोंद नव्हती. २०११ साली हा हिशेब प्रसिद्ध झाला आणि २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत जागा दिली. घरोघर जाऊन कुणी विचारले नसते, तर हे झाले असते काय?

तान्ह्या बाळांचेही तसेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९३ ते १९९८ या काळात जे काम केले, त्याविषयी मी वाचले होते. पण त्याची आतली बाजू मला त्या दिवशी कळली. जेमतेम शाळा शिकलेल्या खेड्यातल्या बायांना त्यांनी शिकवले, की बाळाचे रडणे क्षीण झाले, दूध ओढणे थांबले, हातपाय लुळे पडले, छाती आत ओढली जाऊ लागली, तर ते जंतुसंसर्गाचे लक्षण समजायचे; आणि घरच्यांची तयारी असेल तर तिथेच, झोपडीत, इंजेक्शन द्यायचे. हे काम ३९ गावांत चालले. शेजारच्या ४७ गावांत ते नव्हते. तिथे नेहमीची सरकारी व्यवस्था होती आणि जन्ममृत्यूंची नोंद मात्र काटेकोर ठेवली जात होती. दोन्हींची तुलना केली तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. २०११ पासून घरोघरी जाऊन तान्ह्या बाळाला तपासण्याचे काम देशभरच्या आशाताईंकडे आले, त्याच्या मुळाशी हे संशोधन आहे.

मी मास्तरीण. नको तो प्रश्न विचारणे हा माझा धंदाच. "त्या सत्तेचाळीस गावांतल्या बाळांचं काय झालं?"

"ती मोजली, बाई."

मग ती तळमळीने समजावू लागली. नुसत्या ३९ गावांचे आकडे दाखवले असते तर विश्वास कुणी ठेवला असता? पाऊसपाणी चांगले झाले, रस्ता झाला, म्हणून मृत्यू घटले, असे म्हणायला लोक मोकळे होते. एवढ्याशा बाळाचा असा आजार इस्पितळाबाहेर बरा होऊच शकत नाही, हीच तेव्हाची मोठमोठ्यांची समजूत. ती खोडून काढायची तर शेजारी ठेवून दाखवायला काहीतरी हवे. आणि त्या गावांतून असलेले काही काढून घेतलेले नव्हते. हे सगळे मला पटले. आजही पटते. तरी 'मोजली' हा तिचा शब्द काही केल्या माझ्या कानातून जाईना. मोजल्यावाचून पुढची वाचत नाहीत, आणि जे मोजले गेले त्यांना मोजण्याचा उपयोग नाही. ही अडचण कोणत्याही हुशारीने सुटत नाही असे मला वाटते. ती डोळ्यांसमोर ठेवून वागावे लागते, इतकेच.

असो. कागद घेऊन बसलो. 'सहभागी' खोडून 'तुम्ही' केले. 'ऐच्छिक' खोडून 'तुमची मर्जी' केले. 'शाब्दिक शवविच्छेदन' काढून 'बाळ कसे गेले त्याविषयी विचारणार आहोत' असे सरळ लिहिले. 'संपुष्टात आणू शकता'च्या जागी लिहिले, 'मध्येच नको वाटले तर थांबा म्हणा, आम्ही थांबू.' कामाला गती आली होती. मग एक वाक्य आले: 'या संशोधनामुळे आपल्याला कोणताही धोका संभवत नाही.'

"हे खरं आहे का?" मी विचारले.

ती बराच वेळ बोलली नाही. चहा निवून गेला. मग तिने सांगितले. प्रश्नावली नीट जमते की नाही हे पाहायला ती एका डोंगरी वाडीवर गेली होती. एका आईने सगळे शांतपणे सांगितले. बाळाने दूध ओढायचे कधी थांबवले, असे विचारल्यावर म्हणाली, तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला. रडणे बारीक झाले का? झाले. अंग गार लागत होते का? लागत होते. असे चार-पाच प्रश्न झाल्यावर त्या बाईने मान वर करून विचारले, "म्हंजे ताई, तवाच न्यायला पायजे हुतं का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मी पुढचा प्रश्न विचारला, बाई."

माझ्या मते हा त्या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. सुईचा धोका नाही, औषधाचा धोका नाही हे खरे. पण तोवर त्या बाईजवळ एक समजूत होती. देवाने नेले, नशिबात नव्हते, दृष्ट लागली, जी काही असेल ती. त्या समजुतीच्या आधाराने ती उठत होती, भाकऱ्या थापत होती. आपण प्रश्न विचारले आणि त्या प्रश्नांच्या क्रमातूनच तिला कळले, की ती लक्षणे होती, ती ओळखता येतात आणि त्यावर उपाय असतो. प्रश्न विचारणाऱ्याला तिच्याकडून माहिती मिळाली, आणि तिला जे मिळाले ते जन्मभर पुरणारे आहे. बरे, तिच्यापासून खरे लपवावे म्हणावे, तर उद्या तिचेच दुसरे बाळ असेच निपचित पडले तर? तिला ते कळायला नको का? मी यावर पुष्कळ विचार केला. माझ्याजवळ स्वच्छ उत्तर नाही.

शेवटी धोक्याचे ते वाक्य आम्ही काढले आणि त्याजागी लिहिले: 'हे प्रश्न ऐकून तुम्हाला त्रास होईल. आपण वेगळे काही केले असते तर, असेही मनात येईल. तुम्ही आम्हाला उलट विचारलेत तर आम्ही खरे तेच सांगू. ऐकायचे नसेल तर सांगणार नाही. जा म्हणालात तर उठून जाऊ.'

हा मजकूर आचारनीती समितीपुढे गेला आणि तेथून परत आला. अशा वाक्यांमुळे बाया नाही म्हणतील, असा अभिप्राय होता. मला हसू आले. नाही म्हणता यावे म्हणूनच तर तो कागद आहे! मुलगी मात्र माझ्यासारखी नुसती हसत बसणारी नव्हे. तिने दोनदा खेटे घातले, मोठ्या माणसांपुढे उभी राहून आपली बाजू मांडली, आणि 'त्रास होईल'चे 'त्रास होऊ शकतो' एवढे करून बाकीचे तसेच्या तसे मंजूर करून आणले. पहिल्या तासाला पेंगणाऱ्या पोरीचे मला कौतुक वाटले.

असले कागद जगात आले कुठून, हेही मी तिला विचारले होते. तिने अमेरिकेतल्या टस्कीगीची गोष्ट सांगितली. अलाबामा राज्यातल्या त्या मुलखात १९३२ साली तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब काळ्या पुरुषांना एका अभ्यासात घेतले. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही. रक्त बिघडले आहे, एवढेच सांगितले. उपचार न करता रोग कसा वाढतो हे पाहायचे होते. पाठीच्या कण्यातून पाणी काढायचे होते, तेव्हा त्याला खास मोफत उपचार म्हटले. १९४०च्या दशकात पेनिसिलीन आले, सगळीकडे वापरात आले, तरी यांना ते दिले नाही. मेल्यावर प्रेत कापून पाहू द्यावे म्हणून दफनाचा खर्च देऊ केला, आणि गरीब घरांतून तो नाकारणार कोण? हे ४० वर्षे चालले. गुप्तही नव्हते, त्यावरचे लेख वैद्यकाच्या नियतकालिकांतून छापून येत होते आणि शिकलेली माणसे ते वाचत होती. १९७२ साली वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला तेव्हा ते थांबले. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली.

मला धक्का बसला तो त्या लेखांचा. आकडे बरोबर, तक्ते नीट, भाषा शांत. वाचणाऱ्यांपैकी कितीजणांच्या मनात आले असेल, की या माणसांना कुणी विचारले होते का?

त्या रात्री मुलगी गेल्यावर मी फडताळातून माझे दुसरे पुस्तक काढले.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाला एम.डी. झाल्या. त्या पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय त्यांनी प्रसूतिशास्त्रच घेतला होता. त्याआधी, कोवळ्या वयात, त्यांचे स्वतःचे बाळ दहा दिवसांचे होऊन गेले होते. त्या विषयाकडे त्या कशा वळल्या हे वेगळे सांगायला नको. स्वतःचे दुःख वापरायला कुणाचा अंगठा घ्यावा लागत नाही. पण माझ्या त्या पुस्तकातले दुःख माझे नव्हते.

ते माझ्या मामीचे होते. मी सहा-सात वर्षांची असेन. मे महिन्यात चिपळूणकडच्या आजोळी गेले होते. मामीला मुलगा झाला आणि आठव्या दिवशी गेला. मला कुणी काही सांगितले नाही. पण लहान मुलांना जे सांगत नाहीत तेच ती पाहत असतात. मामा आणि शेजारचे दोघे पहाटे कुदळ घेऊन गेले ते मी पाहिले. त्यानंतर कितीतरी दिवस मामी मागील दारी पाठमोरी उभी राहून वाटीत दूध पिळायची आणि ती वाटी जास्वंदीच्या मुळाशी रिकामी करायची. मला वाटायचे, झाडाला दूध का घालते?

पुढे पंचवीस वर्षांनी मी ते लिहिले. जास्वंद, वाटी, पाठ, सगळे. नाव बदलले, गाव बदलले आणि आपण फार सभ्यपणे वागलो असे स्वतःला सांगितले. त्या प्रकरणाची स्तुती झाली. एका वाचनालयाने बक्षीस दिले. एका बाईंनी पत्र लिहिले, की वाचून आपण रडलो आणि मन हलके झाले. हे पत्र मी जपून ठेवले होते. कुणी आक्षेप घेतलाच तर दाखवायला. आक्षेप कुणी घेतला नाही. फक्त एक झाले. मामी दर उन्हाळ्यात माझ्यासाठी आमसुले पाठवी आणि पुडक्यात दोन ओळींची चिठ्ठी असे. पुस्तक निघाल्यानंतरही आमसुले येत राहिली. चिठ्ठी यायची थांबली.

संशोधन करणाराला विचारावे लागते. पाच शहाण्यांची समिती त्याचा कागद तपासते. तो नाव गाळतो, गाव गाळतो, त्या बाईचा एक आकडा होतो आणि तो हजार आकड्यांत दिसेनासा होतो. कादंबरीवाला नेमके उलटे करतो; इतरांना जे दिसले नव्हते तेच उजेडात धरतो आणि त्याला कला म्हणतो. मध्येच थांबा म्हणण्याची सोय त्यात नाही. सगळ्यांना विचारून लिहायचे तर एकही कादंबरी लिहून होणार नाही, हे मला माहीत आहे. धंद्याच्या बाजूने बोलायचे तर पुष्कळ बोलता येईल. गावाने ओळखू नये एवढी काळजी घेतली की झाले, असे माझे लेखकमित्र म्हणतात. पण गावाने ओळखले नसते तरी मामीने ओळखलेच असते.

यंदा आंबे संपता संपता मी कुंभार्ली घाट उतरून आजोळी गेले. मामा नाहीत आता. मामी सत्तरीच्या पुढे गेली आहे. गुडघे दुखतात, डोळे शाबूत आहेत. दोन दिवस इकडचे तिकडचे बोलले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती फणसाचे गरे काढीत बसली होती. मी हाताला तेल लावून शेजारी बसले आणि म्हटले, "मामी, त्या पुस्तकात मी तुझं लिहिलं. तुला विचारायला हवं होतं."

तिने गरा काढून परातीत टाकला. म्हणाली, "विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. म्हणूनच नाही विचारलंस."

मी गप्प राहिले. ते खरेच होते.

काही वेळाने ती आपण होऊन म्हणाली, "आणि त्याच्या डोक्यावर पिवळं टोपडं होतं असं लिहिलंयस. टोपडं शिवलंच नव्हतं गं. बाराव्याला शिवायचं होतं."

मग काहीतरी बोलायचे म्हणून मी त्या मुलीविषयी सांगू लागले. ती काय शिकते, वाड्यावाड्यांतून हिंडून आयांना काय विचारते, आम्ही दोघींनी मिळून तो कागद कसा लिहिला. मामीने कोयत्याला लागलेला चीक पुसला आणि लक्ष देऊन ऐकले. प्रश्न कोणते असतात, असे तिने विचारले. मी सांगितले: दूध ओढायचे कधी थांबले, रडणे बारीक झाले का, अंग गार पडले होते का.

"सकाळी," मामी म्हणाली. "आदल्या दिवशी सकाळी. मी सासूबाईंना म्हटलं, हा ओढत नाही. त्या म्हणाल्या, झोपेत असेल." थोडे थांबून तिने विचारले, "ती मुलगी इकडे येईल का? मी सांगेन तिला सगळं."

"मामी, तिला गेल्या वर्षभरातलीच माहिती घ्यायची आहे," मी म्हटले. "फार जुनं झालं की माणसाच्या नीट लक्षात राहत नाही, असा त्यांचा नियम आहे."

"लक्षात राहत नाही?" मामी म्हणाली, आणि पुढचा फणस तिने आपल्याकडे ओढून घेतला.